मुक्ताबाईंची अर्धी गोळी

"मावशी, तुमचा हात लई हलका झालाय की ओ!" आरोही म्हणाली.

मुक्ताबाई कासारणींनी नवरीचा अंगठा तळव्यात दुमडला, हिरवी बांगडी बोटांवरून घोळवत आणली आणि कळायच्या आत मनगटावर सोडली. "सासू बी अशीच हलक्या हाताची मिळू दे," त्या म्हणाल्या. ओसरीवरच्या बाया खो खो हसल्या. मागं बांगड्यांच्या माळा सोडवत बसलेल्या त्यांच्या लेकीचे, प्रतीक्षाचे, डोळे भरून आले. आईच्या बोलण्यावर मुरुम गावात कुणी हसून पाच वर्षं झाली होती.

पाच वर्षांपूर्वी बांगड्या मुक्ताबाईंशी बोलायला लागल्या होत्या. किणकिण झाली की तिच्यातून बाईचा आवाज यायचा, "मुक्ते, काचेत विष कालवलंय." एका बाजारच्या दिवशी त्यांनी दुकानातला सगळा माल भर चौकात दगडानं ठेचला. गावानं आधी देवऋषी सुचवला, मग हसून घेतलं, मग पाठ फिरवली. लेक तेवढी शहाणी निघाली. तिनं आईला उमरग्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया असं सांगितलं आणि रोजची एक गोळी सुरू केली. दीड-दोन महिन्यांत आवाज गेला.

पण हात थरथरायला लागले. चेहरा ताठ झाला, हसू ओठांपर्यंत येईना, जीभ जड पडली. आता कासारणीचं निम्मं काम तोंडाचं असतं. बाई गप्पांत गुंतली की तिचा हात सैल पडतो आणि बांगडी दुखत नाही. मुक्ताबाई मुक्या बसायच्या आणि चारांतली एक बांगडी बोटांतच मोडायची. आपल्याकडं बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण म्हणून ती हौसेनं वाढवून घ्यायला कोण येणार? हळूहळू बायांनी दुकानाची पायरी सोडली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. "मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, मुक्ताबाई. एका जागी ते जास्त झालं, की नसलेलं ऐकू येतं. गोळी त्याला अडवते. पण तेच रसायन दुसऱ्या जागी हात चालवायला लागतं, आणि गोळीला जागा ओळखता येत नाही." थरथरीवर त्यांनी वेगळी गोळी दिली, तिनं थोडा गुण आला. "पण मला विचारल्याशिवाय काही कमी-जास्त करायचं नाही," असंही ते म्हणाले होते.

मुक्ताबाईंनी यातलं सोयीचं तेवढं लक्षात ठेवलं. आरोहीचं लग्न ठरलं आणि तिच्या आईनं, शिवकन्याबाईंनी, जुनी ओळख धरून चुड्याचा सांगावा धाडला. या मानाच्या घरी नीट पार पडलं, तर बाकीची घरं आपोआप उघडणार होती. मुक्ताबाईंनी महिनाभर आधी विळीवर आवाजाच्या गोळीचे दोन तुकडे करायला सुरुवात केली. अर्धी तोंडात, अर्धी चुलीत. लेकीला पत्ता लागू दिला नाही. तीन आठवड्यांत हात थांबले, हसू आलं. आई बरी झाली म्हणून प्रतीक्षानं शेजारी पेढे वाटले.

आरोहीच्या उजव्या हातात आठवी बांगडी पडली, किणकिणली, आणि तिच्यातून आवाज आला.

"मुक्ते, विष कालवलंय."

मुक्ताबाईंनी भोवतीच्या एकेका बाईच्या तोंडाकडं पाहिलं. कुणाचे ओठ हलत नव्हते. मुकाट्यानं चुडा भरून निघता आलं असतं, कुणाला काय कळणार होतं? पण पुढं हा आवाज काय करायला लावतो, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी नवरीचा हात अलगद खाली ठेवला.

"शिवकन्याबाई, माझी चूक झाली. हात चालावा म्हणून म्या महिनाभर अर्धीच गोळी खाल्ली. आता आवाज आलाय. बाकीचा चुडा माझी लेक भरंल."

प्रतीक्षाच्या तोंडातून "आई" एवढंच निघालं. शिवकन्याबाईंनी पदर तोंडाला लावला. "शुभकार्यात हे काय म्हणायचं, मुक्ताबाई?"

"खरं हाय ते म्हणलं," मुक्ताबाई म्हणाल्या आणि मागं सरकल्या.

प्रतीक्षानं ओठ घट्ट मिटून चुडा भरला. तिचा हात नवखा होता, आरोहीला दुखलंही. एकच बांगडी उरली, तेव्हा नवरी उठली आणि मुक्ताबाईंपुढं येऊन बसली.

"ही तुमी भरा."

"नगं बाई. वाढली तर?"

"वाढू द्या."

शिवकन्याबाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला.

मुक्ताबाईंनी तो हात हातात घेतला. आवाज बोलतच होता, मोठ्यानं, कानाशी. त्यांनी आरोहीच्या मिटलेल्या ओठांवरची नजर हलू दिली नाही. अंगठा दुमडला, बांगडी घोळवली, मनगटावर सोडली.

दुसऱ्या दिवशी लेकीनं त्यांना उमरग्याला नेलं आणि अख्खी गोळी पुन्हा सुरू झाली. महिन्याभरात आवाज निवला. हातही थरथरू लागले. एका सकाळी दुकानात चार बाया आल्या, तेव्हा मुक्ताबाई गादीवरून उठल्या आणि मालकिणीच्या जागेवर त्यांनी प्रतीक्षाला बसवलं.