उत्तरावरून काढलेली रीडिंगं

टाचणी गंजली होती, आणि ओढून काढताना तिचा तांबूस डाग बाईंच्या अंगठ्यावर उतरला... भौतिक आणि रसायनशास्त्र विभागाला साठ वर्षं होत होती, त्याचा इतिहास लिहायचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं — विभागप्रमुख त्याच, इथंच शिकून इथंच मुरलेल्याही त्याच — म्हणून तर सकाळपासून जुन्या कपाटात डोकं खुपसून बसल्या होत्या. टाचणीनं जोडलेली दोन पानं त्यांच्याच पीएच.डी.च्या वहीतली निघाली. वरच्या पानावर शाईनं लिहिलेली नेटकी अठ्ठावीस रीडिंगं. खालच्या पानावर पेन्सिलीनं आधी उत्तर, आणि त्याखाली तीच अठ्ठावीस रीडिंगं, काही खोडून पुन्हा बसवलेली.

उत्तर आधी. रीडिंगं नंतर.

अक्षर आपलंच. बाईंनी तारीख पाहिली — यंत्राची कॉइल जळालेली, मार्गदर्शक सर परदेशी निघालेले, प्रबंध आठवड्यात द्यायचा... सगळं आठवत होतं, अगदी कॉइलचा तो जळका वाससुद्धा. मग हे पानच तेवढं का आठवू नये? लबाडी केली, ठीक आहे, सत्ताविसाव्या वर्षी गाळण उडाली की माणूस काहीही करतो. पण ती इतकी साफ विसरायची? आणि एकतीस वर्षं मी पोरांना खऱ्या रीडिंगचे धडे देत आले, तेही तोऱ्यात.

गेल्याच आठवड्यात चौकशी समितीपुढं आपल्याच विद्यार्थिनीची वही उघडून त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं — ही रीडिंगं बनवलेली आहेत, खोटं लिहिताना हात आकड्याच्या शेवटच्या जागी शून्य आणि पाच टाळतो. कुणीतरी विचारलं, कसं हो ओळखता? अनुभव, म्हणून त्या हसल्या होत्या... बाईंनी पेन्सिलीच्या रकान्यावरून बोट फिरवलं. अठ्ठाविसांत शेवटी एकही शून्य नाही, एकही पाच नाही.

"मॅडम, येऊ?"

तीच मुलगी दारात उभी होती. तिची नोंदणी रद्द करण्याचं पत्र टेबलावर सहीसाठी पडलं होतं.

"ऑफिसात म्हणाले, सही झाली असेल तर घेऊन जा." ती आत आली. "भांडायला नाही आले मी. केलं मी ते, चुकलंच. फक्त एक विचारायचं होतं."

"विचार."

"तुमच्यावर कधी अशी वेळ आली होती का? तेव्हा तुम्ही काय केलंत?"

काल विचारलं असतं तर बाई बेधडक नाही म्हणाल्या असत्या, आणि त्यांच्या लेखी ते खरंच असतं. आत्ताही, समोर ते पान उघडं असताना, 'नाही' जिभेवर आयतं येऊन बसलं होतं... त्यांनी ते पेन्सिलीचं पान उचलून सहीच्या पत्रावर ठेवलं, आणि मुलगी वाट पाहत उभी होती.