घनपाठ आणि पळवलेली रॅम

सुश्रुतचा कॉम्प्युटर इतका वेगवान होता की फाइल उघडायचं त्याच्या मनात येईपर्यंत ती उघडून, बघून, बंदही झालेली असायची. कॉम्प्युटरच्या पंख्याच्या गरम वाऱ्यावर इंदूवहिनींच्या कुरडया वाळल्या. एकदा तर गॅलरीतलं धोतर जे उडालं, ते थेट मुन्शी घाटावर आंघोळ करणाऱ्याच्या खांद्यावर जाऊन बसलं. काशीत ब्रह्माघाटावर कोणालाही विचारा. माझ्याशिवाय कोणाला आठवणार नाही, ही गोष्ट वेगळी.

या वेगाचं गुपित असं, की प्रोसेसर बनवणारे सांगून ठेवतात, रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची तात्पुरती स्मृती, अमुक वेगापर्यंत चालवा, तिथवर आमची हमी. रॅमच्या डब्यावर मात्र त्याहून मोठा आकडा छापलेला. सुश्रुतने डब्यावर विश्वास ठेवला आणि सेटिंगमध्ये जाऊन तो मोठा आकडा लावला. मी हटकलं तर म्हणाला, सगळेच लावतात, आजोबा.

त्याचे काका दत्तात्रेय घनपाठी, म्हणजे इंदूवहिनींचे यजमान, माझे शेजारी. त्यांचं पठण सुश्रुतने छोट्या रेकॉर्डरवर घेतलं, कॉम्प्युटरवर चढवलं आणि आम्हाला ऐकायला बसवलं. घनपाठात वेदमंत्राचे शब्द पुढे जातात, उलटे फिरतात, पुन्हा पुढे येतात. एक जरी गळला तरी पाठ मोडला. दत्तात्रेय डोळे मिटून ऐकत होते. एकाएकी त्यांचं मांडीवर चालणारं बोट थांबलं. एक शब्द गळला होता.

साधं गाणं असतं तर कोणीही म्हणालं असतं, मशीन अडखळलं. पण घनपाठाच्या त्या उलटसुलट फेऱ्यांत तुकडा निखळला की म्हणणाराच वाट चुकल्यासारखा वाटतो. शिवाय चूक निघाली की ती आपली, हे दत्तात्रेयांना लहानपणीच छडीने शिकवलेलं. त्यांनी शांतपणे वहिनींना सांगितलं, की उद्यापासून विद्यार्थ्यांना दुसरा गुरू बघायला सांगा; ज्याचा पाठ मोडतो त्याने शिकवू नये. वहिनींचा हात परातीतच राहिला.

मग ते म्हणाले, "सुश्रुत, पुन्हा लाव. कुठे घसरलो ते नीट ऐकू दे."

त्याने लावलं. मघाची जागा आली आणि अगदी शुद्ध निघून गेली. पुढे भलतीकडेच एक शब्द जास्तीचा आला. पुन्हा लावलं, तर चूक तिसरीकडेच.

"अरे, मी हे एकदाच म्हटलं ना?" दत्तात्रेय डोळे उघडून म्हणाले. "मग दर वेळी नवी चूक कोण करतंय?"

सुश्रुतने मान खाली घातली. "काका, रॅम जरा ज्यादा पळवली होती. चुकते आहे ती, तुम्ही नाही."

"झेपेल त्या चालीत म्हणू दे की तिला. नव्या पोराला आम्ही पहिल्याच दिवशी द्रुत लयीत सोडतो का?"

सुश्रुतने आकडा खाली आणला, रेकॉर्डरवरून पठण पुन्हा चढवलं आणि सुरुवातीपासून लावलं. एक शब्द जागचा हलला नाही. शेवटी दत्तात्रेयांनी जो श्वास सोडला, त्याने घाटावरच्या नावा वल्ह्यांशिवाय पलीकडच्या रेतीला लागल्या. वहिनी त्या मशीनला मेलं म्हणाल्या आणि हसत हसत राहिलेली कणीक मळू लागल्या.

आतल्या खोलीत विद्यार्थी सुट्टीच्या आशेने कान देऊन बसले होते. दत्तात्रेयांनी त्यांना पाठाला हाक मारली. साऱ्या घरात तोंडं पडली ती तेवढीच.