डिस्कला ठेवलेली माया

बाबांनी बँडमधल्या सगळ्या म्हाताऱ्यांना रविवारी चारला बोलावून टाकलं आणि मग सुनेला विचारलं, "ती डिस्क तेवढी होईल ना गं?"

सून शिंपीण होती. गिऱ्हाइकाला तारीख देऊन झाल्यावर कापड आणायला जायचं नसतं, हे तिला चांगलं माहीत होतं. पण सासऱ्यांना ते सांगून उपयोग नव्हता.

बाबा जन्मभर बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत आले. बँडचा शेवटचा कार्यक्रम वाचनालयाच्या सभागृहात झाला, तेव्हा सुनेनं खुर्चीवर उभं राहून तो अख्खा फोनवर टिपला होता. पण म्हाताऱ्यांना फोनवर बघायचं नव्हतं. "एवढ्याशा काचेत आम्ही मुंग्या दिसतो," असं ट्रम्पेटवाले काका म्हणाले होते. आणि खरी घाई होती ती ड्रमवाल्या काकांची. ते सोमवारी सकाळी कायमचे लेकीकडे राहायला निघाले होते, दूरच्या गावी. त्यांच्याकडे बटणांचा फोन आणि एक जुना डीव्हीडी प्लेअर होता, बाबांच्या प्लेअरचाच जुळा भाऊ. दोघांनी एकाच दिवशी एकाच दुकानातून घासाघीस करून आणलेले. त्यांच्या हातात डिस्क द्यायची, म्हणजे तिकडे एकटं वाटलं की लावतील, एवढाच बाबांचा हिशोब. तोंडानं मात्र ते म्हणत, "त्याला काय, जातोय मजेत."

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. शिवणयंत्राशेजारी, डिझाइनं बघायला घेतलेला एक म्हातारा कॉम्प्युटर होता. सुनेनं फोनमधली फाइल त्यात घेतली, कोऱ्या डिस्कवर उतरवली आणि डिस्क प्लेअरच्या तोंडात दिली. प्लेअर जरा घरघरला आणि टीव्हीवर अक्षरं आली : डिस्क वाचता येत नाही.

तिनं नणंदेला फोन लावला. नणंद शेजारच्या शहरात एका स्टुडिओत कामाला होती आणि उंटावरून शेळ्या हाकण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"वहिनी, फाइल होती तशीच टाकलीस?"

"मग काय, नटवून टाकायची होती?"

"आणि वाचत नाही म्हटल्यावर काय केलंस?"

"फाइलच्या नावाचं शेपूट बदललं. एमपीफोर होतं, ते काढून व्हीओबी केलं. डीव्हीडीवर तसलंच असतं ना?"

पलीकडे नणंद इतकी हसली की सुनेनं फोन कानापासून लांब धरला.

"अगं, नाव म्हणजे नुसता डबा. आत चित्र आणि आवाज घड्या घालून ठेवलेले असतात. तुझ्या फोनची घडी नव्या तऱ्हेची. बाबांच्या प्लेअरला एकच जुनी घडी उलगडता येते, एमपेग टू. लहान पोराच्या सदऱ्याला मोठ्या मापाचं लेबल लावलंस, तर तो बाबांच्या अंगात जाईल का?"

"नाही जाणार. उसवून परत शिवावा लागेल."

"तेच तर. आणि वहिनी, नुसती फाइल नको, डीव्हीडी व्हिडिओ बनव, प्लेअरला लागते तशी मांडणी करून."

उसवून शिवायचं मात्र सुनेला लख्ख कळलं. नणंदेनं सांगितलेला फुकटातला प्रोग्रॅम तिनं कॉम्प्युटरमध्ये घेतला. रविवारी सकाळी तो कामाला लागला, आणि कॉम्प्युटर जिना चढून आल्यासारखा धापा टाकू लागला. टीव्ही कुठल्या पद्धतीचा, पाल की एनटीएससी, असं त्यानं विचारलं. तेही तिनं नणंदेला विचारून भरलं. जेवणं झाली, भांडी झाली, तेव्हा कुठे एक फोल्डर तयार झालं. आत लांबलचक व्हिडिओचे बेताचे तुकडे, कोटाचे भाग कापून ठेवावेत तसे. तिनं ते डिस्कवर चढवलं, कॉम्प्युटरवर लावून पाहिलं. ड्रम घुमला. ती स्वतःशीच म्हणाली, "बघा, जमतं."

प्लेअरमध्ये घातली. अक्षरं आली : डिस्क नाही.

हा तर अपमानच झाला. निदान पहिलीला तो वाचायला तरी बसला होता; हिला तोंडात घेऊन म्हणतो, काही नाहीच.

आणि चार वाजायच्या आधीच म्हातारे दारात. बोलावलं की लवकर येणं ही त्या मंडळींची जुनी खोड.

"काय, तयार आहे ना?" ट्रम्पेटवाले काका टीव्हीसमोरची चांगली खुर्ची पकडत म्हणाले.

"तयार आहे. गरम होतोय," बाबा म्हणाले.

"टीव्ही गरम व्हायचा जमाना गेला."

"आमचा होतो."

सुनेनं डिस्क पुसली, फिरवली, परत घातली. नाही. बाबा तिच्याकडे बघत नव्हते, म्हणजेच फार बघत होते.

ड्रमवाले काका दुकानाच्या उंबऱ्यात उभे राहिले. त्यांच्या हातात कोट होता. "सूनबाई, बाह्या लांब झाल्यात. मीच आखडलो असेन. लेकीकडे असा जाऊ का, हात हरवल्यासारखा?"

तिला बरंच वाटलं. हाताला काम असलं की डोकं ठिकाणावर राहतं. तिनं बाहीचं अस्तर उसवलं, खूण केली आणि सवयीप्रमाणे जास्तीचं कापड आत दुमडू लागली.

"ते कशाला ठेवतेस?" काकांनी विचारलं.

"माया ठेवते. उद्या सोडायची झाली तर कापड हवं ना आत."

"आता माझे हात वाढायचेत होय? काप आणि बंद करून टाक."

सुनेनं कात्री उचलली आणि ती हवेतच थांबली.

डिस्क चढवताना प्रोग्रॅमनं विचारलं होतं : डिस्क खुली ठेवायची का, पुढे भर घालता येईल? तिनं चटकन हो म्हटलं होतं. कधी कुठला जुना कार्यक्रम मिळाला तर मागे जोडू, जागा असू दे. वीस वर्षांत तिनं माया न ठेवता एक कपडा शिवला नव्हता, डिस्कलाही ठेवली.

"काका, कोट धरा जरा," असं म्हणत ती कॉम्प्युटरकडे धावली. नणंदेला फोन लावला. "उघडी डिस्क प्लेअर वाचत नाही का गं?"

"बरेचसे नाहीच वाचत. शेवटी बंद करायची असते. वहिनी, तू उघडी..."

"ठेवते फोन."

तोच प्रोग्रॅम, तीच डिस्क. 'डिस्क बंद करा' असं एक बटण सुरुवातीपासून तिच्याकडे बघत बसलेलं होतं. तिनं ते दाबलं.

आतल्या खोलीत बाबा मोठ्या आवाजात हवापाण्यावर बोलत होते. त्यांना हवापाण्यात कधीच रस नव्हता.

प्लेअर घरघरला, थांबला, आणि टीव्हीवर सभागृह आलं. कुणाचं तरी टक्कल, मग पडदा, मग सगळे. ट्रम्पेटवाले काका एकदम ताठ बसले, जणू आत्ता त्यांची पाळी येणार होती. बाबांनी सुनेकडे पाहिलं आणि लगेच चष्मा पुसायला घेतला.

दुसऱ्याच गाण्यात ट्रम्पेटवाल्यांनी बोट रोखलं. "थांबव. मागे घे. इथे बघ, हा ड्रम घेऊन तालाच्या पुढे पळाला."

"मी पळालो? तुम्ही मागे पडला होतात," ड्रमवाले काका म्हणाले.

परत लावलं. परत पळाला. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "पळालोय खरा," आणि पोट धरून हसले.

सुनेनं कोटाच्या बाह्या शिवून टाकल्या आणि दुसरी डिस्क केली, या वेळी पहिल्या दमात बंद. निघताना ड्रमवाल्या काकांनी ती इथल्या प्लेअरवर स्वतः लावून पाहिली. विश्वासाचा प्रश्न नव्हता, पण तिकडे गेल्यावर सूनबाई हाताशी नसणार. मग ती कोटाच्या आतल्या खिशात घातली.

दारात बाबा म्हणाले, "रविवारी चारला लावत जा. आम्ही इथे लावू, तू तिथे लाव."

"लावतो."

"आणि आमच्या आधी सुरू करू नकोस."

"ते सांगता येत नाही," काका म्हणाले आणि जिना उतरू लागले, नेहमीसारखे सगळ्यांच्या पुढे.