आकेनेसे आजीच्या टॉवेलातला माईक

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माझ्या तोंडावर कुणी फुंकलेलं मला मुळीच खपत नाही. "हॅलो, हॅलो" करत टिचक्या मारणारे तर माझे वैरीच! माझ्या जाळीला एका बाजूनं पोचा आला आहे आणि मानेला काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे. पण आवाज विचाराल, तर अजून खणखणीत.

कारखान्यातून निघालो तो थेट ऑकलंडच्या दक्षिणेला, ओटारात आलो. पहिली काही वर्षं हाऊजीचे आकडे ओरडण्यात गेली. मग तिथल्या सामोअन, म्हणजे सामोआ बेटांवरून आलेल्या लोकांच्या, चर्चच्या बायकांनी चटया विणल्या, विकल्या आणि मला विकत घेतलं. तेव्हापासून प्रवचनं, भजनं, लग्नं, मयतं, सगळं माझ्यातूनच गेलं. परगावचे लोक म्हणत, "काय आवाज आहे हो तुमच्या चर्चचा!" मी नुसता फुगून जाई.

एकदा चर्चमधला एक स्पीकर चोरीला गेला. चर्चची झाडलोट करणाऱ्या आकेनेसे आजीनं त्याचा धसकाच घेतला. दर रविवारी ती मला टॉवेलात गुंडाळून घरी न्यायला लागली.

त्या घरात मला फेतुई भेटली. आजीची नात, तेरा वर्षांची, अंगानं काटकुळी, आणि हिपहॉपचं वेड असं की काही विचारू नका. शनिवारी संध्याकाळी रेडिओवर हिपहॉपचा तास लागे. फेतुई टेपरेकॉर्डरच्या बटणावर बोट ठेवून बसायची. गाणं सुरू झालं की बटण दाबायचं, निवेदकानं तोंड उघडलं की सोडायचं. अशा कॅसेटांनी तिचं बुटांचं खोकं भरलं होतं. अमेरिकेतल्या गायकांची गाणी तिला पाठ होतीच, पण जीव होता तो किंग तालोवर.

तालो म्हणजे आपली अळकुडी. हा अळकुड्यांचा राजा ओटाराचाच पोरगा. दिवसा शीतगृहात मांसाची खोकी उचलायचा आणि शनिवारी सकाळी बाजारात, भाजीवाल्यांच्या मधोमध उभा राहून, ठेक्यावर शब्द फेकायचा. त्याच्या गाण्यात चक्क आमच्या रस्त्याचं नाव होतं! प्रत्येक गाण्याच्या शेवटी तो आपल्या माणसांना नावानं हाका मारायचा. आई, मावशी, बसचा ड्रायव्हर, पाववाला, कुणीही सुटायचं नाही.

"बघ मोसे, एकट्यानं गात नाही तो. सगळ्यांना घेऊन गातो," फेतुई सांगायची. मोसे हा तिचा चुलतभाऊ. तोंडानं ढोल वाजवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

एकदा तालोनं फेतुईला सही दिली. कागद नव्हता म्हणून चपलेवर दिली. मग काय, ती चप्पल खोक्यात गेली आणि बाईसाहेब आठवडाभर एका पायानं अनवाणी फिरल्या!

"ती अळकुडी डोक्यात शिजत बसते, मग देवाचं वचन राहणार कुठं?" आजी कडाडायची.

आजीचं चुकत नव्हतं. ऑक्टोबरात पांढरा रविवार येतो. त्या दिवशी सगळी पोरं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये वचनं तोंडपाठ म्हणतात. मग पोरं आधी जेवतात आणि मोठी माणसं वाढतात, वर्षातून त्या एकाच दिवशी. मागच्या खेपेला फेतुई माझ्यासमोर उभी राहिली आणि तिची बोबडीच वळली. दोन ओळींचं वचन, तेही आठवेना. शेवटी आजीनंच पहिल्या बाकावरून ते म्हणून टाकलं. सगळं चर्च हसलं. आजी दिवसभर कुणाशी बोलली नाही.

आणि यंदा फेतुईच्या वाट्याला काय आलं? बायबलातली, प्रभूच्या पूर्वजांची वंशावळ! अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा, अशी नावांची भलीमोठी माळ. आजीनं नातीला दाराशी नेलं. तिथं एक पिंप उभं होतं. गावाकडे, सामोआला पाठवायचं. बीफचे डबे, साबण, चादरी, सगळं भरून झालं होतं, फक्त झाकण लागायचं होतं.

"यंदा विसरलीस ना, तर तुझं खोकं यात जाईल."

"आजी, कॅसेटा नको गं! दुसरं काहीही घाल. मला घाल!"

"तुला घातलं तर तिकडचे परत पाठवतील. जा, पाठ कर."

फेतुई पाठांतराला बसली. रोज बसायची आणि रोज जरुब्बाबेल नावापाशी गाडी अडायची.

"ही नावं आहेत की माशाचे काटे?" ती रडकुंडीला आली.

"किंग तालो पण ढीगभर नावं घेतो," मोसे म्हणाला. "ती बरी नाही अडकत तुझ्या घशात!"

फेतुई ताडकन उठली. मग तिनं टॉवेल सोडला आणि मला हातात घेतलं. माझी तार कशालाही जोडलेली नव्हती. मोसेनं तोंडानं ठेका धरला (माझ्यावर थुंकी उडवतच, मेला!) आणि मित्रांनो, ती जुनीपानी दाढीवाली मंडळी एकामागून एक झुलत चालायला लागली. एका श्वासात चार नावं, पुढच्या श्वासात चार नावं. इतकी वर्षं पोरं ती नावं कडू औषध गिळल्यासारखी म्हणायची. त्या दिवशी मला ती पहिल्यांदा आवडली.

"चर्चमध्ये मात्र साधं म्हण हं," मोसेनं बजावलं. "ठेका मनातल्या मनात."

पांढरा रविवार उजाडला. निघताना आजीनं कॅसेटांचं खोकं पिंपावर ठेवलं, झाकणाशेजारी. फेतुईनं ते पाहिलं. चर्चमध्ये तिची पाळी आली आणि मला तिच्या हातात दिलं.

तिनं साधंच म्हणायला सुरुवात केली. चांगली निम्म्याच्या पुढे गेली आणि जरुब्बाबेलपाशी थांबली. तोंड उघडं, शब्द नाही. मागं कुणीतरी फिसकन हसलं. आजीनं डोळे मिटून घेतले. माझं तर काळीज, असतं तर, धस्स झालं असतं.

तेवढ्यात पोरांच्या रांगेतून हळूच आवाज आला. धम, धम-धम, टक. मोसे! फेतुईची मान हलली, पाय हलला आणि जरुब्बाबेल आपल्या मुलाबाळांसकट धडाधड बाहेर पडला.

"हे काय चर्चमध्ये!" फिलेमूकाका पुटपुटले. आवाजाचं यंत्र त्यांच्या ताब्यात असायचं. त्यांचा हात बटणाकडे गेला.

"फिलेमू, हात लावलास तर बोटं मोडीन," पहिल्या बाकावरून आजी म्हणाली. "पोरीला आठवतंय."

वंशावळ संपली. एकही नाव गळलं नाही. आता वाकून नमस्कार करायचा आणि जागेवर जायचं. पण फेतुई थांबली नाही. तालोसारखी तिनं आपल्या माणसांना हाक घातली. लूपेची मुलगी आकेनेसे, आकेनेसेची मुलगी सिएनी, सिएनीची मी! शेवया परतणारी तुएसे, अळकुड्या सोलणारी लागी, फरशी पुसणारी माझी आजी, पुन्हा आकेनेसे! मागं, पोरांचं जेवण शिजत होतं त्या स्वयंपाकघराचं दार उघडलं. आपापलं नाव ऐकून एकेक बाई दारात येऊन उभी राहिली, कुणी झारा घेऊन, कुणी ओल्या हातानं. त्यांच्याच चटयांच्या पैशांतून मी आलो होतो. माझ्यातून पाद्रीबाबांची, नवरदेवांची, मोठमोठ्या सरदारांची नावं गेली होती. या बायकांची त्या दिवशी पहिल्यांदा गेली. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

आणि आजी उठली. आपलं माणूस रंगात आलं की आमच्याकडे म्हाताऱ्या त्याच्या बाजूला वेडेवाकडे नाचतात, त्याला मोठं करायला. आजीनं हातातला विणलेला पंखा डोक्यावर उलटा ठेवला, तोंड वेंगाडलं आणि नातीभोवती असा काही फेर धरला की पाद्रीबाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. फिलेमूकाकांनी तर आवाज दोन खाचा वाढवला.

घरी आल्यावर आजीनं खोकं पिंपावरून उचललं, फेतुईच्या मांडीवर ठेवलं आणि पिंपाचं झाकण ठोकून बसवलं.

"त्या अळकुडीला म्हणावं, एकदा जेवायला ये," ती म्हणाली. "फार वाळलाय."

तो आला. "कुणाचा रे तू?" असं आजीनं विचारताच त्यानं चार पिढ्या सांगितल्या, आणि निघाला की आजीच्या मावसबहिणीचा नातू! फेतुई चार दिवस जमिनीवर नव्हती.

पुढं चर्चमध्ये बिनतारेचा नवा माईक आला आणि मी कपाटात धूळ खात पडलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग एक दिवस फेतुईनं मला चर्चकडून मागून आणलं. ती आता शनिवारी आपल्या गॅरेजमध्ये गल्लीतल्या पोरांना हिपहॉप शिकवते. आजी खुर्ची टाकून बसते आणि चुकलेल्या ठेक्यावर पंखा आपटते.

तेव्हा मित्रांनो, मला जपा. तार पिळू नका, आपटू नका, कोरड्या फडक्यानं पुसा. आणि मी चालू आहे का हे बघायला फुंकर मारू नका. त्यापेक्षा आज तुम्हाला जिनं जेवू घातलं, तिचं नाव घ्या. ती स्वयंपाकघरात असेल, तर माझा आवाज थोडा वाढवा.