देवाऱ्यातली चावी

बायको, विमला, गेली त्या दिवसापासून बाळा परबची गाडी चारकोपच्या सोसायटीच्या आवारात उभीच होती. धूळ चढली, मांजरांनी टपावर संसार केला आणि मागचा एक टायर पार बसला. बाळाने तिला हात लावला नाही. आज त्याचा मुलगा सौरभ ठाण्याहून आला तो गिऱ्हाईक ठरवूनच. संध्याकाळी माणूस गाडी बघायला येणार, म्हणजे टायर आत्ताच्या आत्ता बदलायला हवा. त्याने इंडस्ट्रीतल्या गॅरेजवाल्या चंद्रप्रकाशला बोलावून आणलं, आणि चंद्रप्रकाशने खाली बसून चाक बघितलं नि मान हलवली.

प्रत्येक चाकाला एक नट वेगळा होता. तो साध्या पान्याने फिरत नाही. त्याची एक छोटी चावी असते, ती नटावर बसवायची आणि मग पाना लावायचा. गल्लीतल्या एका गाडीची चारही चाकं चोरीला गेली होती, तेव्हा विमलानेच हट्टाने हे नट बसवून घेतले होते.

"बाबा, चावी कुठे आहे?" सौरभने विचारलं.

ह्या प्रश्नावर बाळाचं घर अडकलं होतं. मागे एकदा तो दूध गॅसवर ठेवून झोपून गेला होता. तेव्हापासून सौरभने धोशा लावला होता, की बाबाला आता एकट्याला ठेवण्यात अर्थ नाही. खोली भाड्याने द्यायची आणि बाबाने ठाण्याला येऊन हॉलमधल्या दिवाणावर झोपायचं. बाळा म्हणाला होता, मला सगळं आठवतं, काय वाटेल ते विचार.

"देवांत आहे," बाळा लगेच म्हणाला. "लाल फडक्यात बांधून अन्नपूर्णेच्या मागे."

त्याला ते लख्ख आठवत होतं. खंडेनवमीला विमलाने विळी, कात्री, हातोडी पुजायला मांडली, त्यांच्या रांगेत ही चावीही ठेवली आणि तिला कुंकू लावलं. "ह्यां पण हत्यारच मां," ती म्हणाली होती. "देवाकडेच ठेवतंय. थंयसून खंय जातला?" मग दर खंडेनवमीला ती चावी बाहेर निघायची, कुंकू लावून घ्यायची आणि परत आत जायची.

बाराव्यानंतर सुनेने, रुचिराने, देव ठाण्याला नेले. "तुम्हाला पूजा जमायची नाही बाबा, मी करीन," ती म्हणाली होती. त्या दुःखात बाळाला तेवढंच एक बरं वाटलं होतं.

सौरभबरोबर आलेली रुचिरा गाडीपाशीच उभी होती. "देवांत असलं काही नव्हतं," ती म्हणाली.

"नीट आठव गो."

"नव्हतं बाबा. मी स्वतः सगळं काढलं."

"झालं," सौरभ म्हणाला. "एक चावी सांभाळता येत नाही आणि म्हणे घर सांभाळतो. चंदूभाई, काय करायचं ते करा."

चंद्रप्रकाशने पिशवीतून एक जुनी गोटी काढली. गोटी म्हणजे पान्याच्या टोकाला बसवतात तो पोकळ लोखंडी तुकडा. नटापेक्षा किंचित लहान गोटी हातोड्याने ठोकून नटावर घट्ट बसवायची आणि लांब पाइपाने पिळायची. गोटी जाते, नट जातो, पण चाक निघतं.

"चोरासाठी लावलेलं कुलूप मालकालाच लागलं, काका," तो हसत म्हणाला आणि ठोकायला लागला.

आवाजाने तळमजल्यावरची शेवंती बाहेर येऊन कट्ट्यावर मेथी निवडत बसली. विमलाची ती मैत्रीण. वरच्या खिडक्यांतूनही दोन-तीन डोकी दिसायला लागली.

"चावी असते तरी कशी?" शेवंतीने विचारलं.

"अंगठ्याएवढी, गोल," चंद्रप्रकाश म्हणाला. "आतून फुलासारखी कोरलेली."

बाळाने रुचिराकडे बघितलं, कारण तिने एकदम सौरभचा दंड धरला होता. ती त्याला दोन पावलं मागे घेऊन गेली. बाळा परत चाकापाशी वाकला, मध्ये गाडी होती. हातोडा थांबला होता.

"अरे, ती कुंकू माखलेली," रुचिरा कुजबुजली. "मला वाटलं कसली तरी पिंडी आहे. ती देवांबरोबरच गेली ना मार्व्याला, समुद्रात."

"गप्प बस आता," सौरभ म्हणाला. "त्याला कळलं तर जन्मभर ऐकवेल."

बाळा गाडीला धरून उभा राहिला. चावी त्याच्या डोक्यातून गेली. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, विमलाच्या आईने लग्नात दिलेला तो झिजून नाक गेलेला गणपती.

"देव समुद्रात सोडले तुम्ही?" त्याने विचारलं.

मग रुचिराचे डोळे भरून आले. ते खरंच भरून आले. "मी रोज दिवा लावते त्यांच्यापुढे," ती शेवंतीकडे वळून म्हणाली. "आईंचे देव आहेत ते. मी असं करीन?"

"आत्ता बोलली ती. मी ऐकलं."

"हातोडा चालला होता बाबा, काय ऐकू येणार तुला?" सौरभ म्हणाला. "बरं, एक सांग. आज वार कुठला?"

बाळा गोंधळला. पूर्वी गुरुवारी विमलाचा उपास असायचा, बुधवारी मासे यायचे, त्यावरून वार कळायचे. आता रोज सारखंच जेवण होतं.

"शनिवार," तो म्हणाला.

"रविवार आहे," सौरभने वर खिडक्यांकडे बघत सांगितलं. "उद्या विचारेल, सौरभ कोण."

वरून कोणीतरी हसलं. शेवंतीने मेथीची जुडी खाली ठेवली आणि ती बाळाजवळ आली. "बाळाभाऊ, होतं असं वयात," ती समजूत घालत म्हणाली. "पण लेकीसारखी पोर आहे. तिच्यावर असला आळ घेऊ नये."

बाळाने चंद्रप्रकाशकडे बघितलं. तो दोन हातांच्या अंतरावर बसला होता, त्याने ऐकलं असणारच. चंद्रप्रकाशने पाइप उचलला आणि नटावर जोर लावला. नट किंचाळून सुटला.

सौरभने बाळाच्या खिशात हात घालून घराची चावी काढून घेतली. "वर जा आणि कपडे भर," तो म्हणाला. "दार उघडंच आहे."

बाळाने खाली पडलेला नट उचलला. ठोकून ठोकून त्याचा चेहरामोहरा गेला होता. नट मुठीत धरून बाळा जिना चढला आणि कपड्यांच्या कपाटाकडे न जाता स्वयंपाकघरात गेला.

भिंतीवरचा देवारा रिकामा होता. कुंकवाचा करंडा तेवढा कोपऱ्यात राहिला होता, रुचिराने तो नेला नव्हता. मागे फळीवर, चावी असायची तिथे, एक गोल लाल डाग होता. बाळाने नट सदऱ्याला पुसला आणि त्या डागावर ठेवला. तो बरोबर बसला. मग विमला लावायची तसं त्याने त्याला कुंकू लावलं आणि हात जोडले.

मागे फोनने फोटो काढल्याचा आवाज झाला. सौरभ दारात उभा होता. तो आता चिडलेला नव्हता. विमलाच्या शेवटच्या दिवसांत नर्सशी बोलायचा तसा त्याचा आवाज मऊ झाला होता.

"हात तसेच राहू दे बाबा," तो म्हणाला. "अजून एक घेतो. डॉक्टरांना दाखवायला."

बाळाने हात तसेच ठेवले.