अनीसुरचा फोन

नरहररावांनी पंखा बंद केला, टीव्ही बंद केला आणि मोबाईल टेबलावर मधोमध ठेवला. वरच्या मजल्यावरची निशिगंधा इडल्यांचा डबा घेऊन आली, तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले.

"काका, कुठे निघालात?"

"कुठे नाही गं. आज सोळा डिसेंबर. बांगलादेश स्वतंत्र झाला तो दिवस. आज अनीसुरचा फोन येतो."

एकाहत्तरच्या लढाईत नरहररावांच्या पायात गोळी घुसली, तेव्हा मुक्तिवाहिनीतल्या अनीसुरने त्यांना पाठुंगळी घेऊन दोन मैल चिखल तुडवला होता. स्वतः जेमतेम पन्नास किलोचा. गेली तीस वर्षं तो ह्या दिवशी ढाक्याहून फोन करी, "तुमने देश दिया" म्हणे. नरहरराव त्याचे आभार मानायला लागले, की हा पठ्ठ्या हसून "अगले साल बोलना!" म्हणायचा आणि फोन ठेवून द्यायचा.

"म्हणजे तीस वर्षांत तुम्ही थँक्यू म्हणालाच नाहीत?"

"म्हणू देईल तर ना! महाहट्टी आहे."

निशिगंधा हसत वर गेली. पत्नी लीलाबाई होत्या तेव्हा स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "भाऊजींना माझा नमस्कार सांगा हो!" दोन वर्षं झाली, घरात ओरडणारं कोणी नाही. खरं सांगायचं तर नरहररावांना आता एवढा एकच फोन येई. बाकी सगळे बँकांचे.

चार वाजले, पाच वाजले. फोन वाजला तो सहाला.

"कित्ता टाइम लगाया मियाँ! मेरी इडली ठंडी हो गई."

"नोरोहोर?" आवाज पार खोल गेलेला. मागे कुठलंसं यंत्र टुकटुक करत होतं. कुणीतरी त्याला बंगालीत, बोलू नका, असं काहीसं सांगत होतं.

अनीसुर हसला नाही. देशाचंही काही बोलला नाही. त्याला धाप लागली होती.

"आज बोलो, नोरोहोर. जो बोलना था. हम शुनेगा."

नरहररावांनी टेबलाची कड घट्ट धरली. तीस वर्षं घोकलेलं सगळं ओठांवर आलं होतं, तो चिखल, ती हाडकुळी पाठ. त्यांना रडू फुटलं. त्यांनी मोबाईल लांब धरला, शर्टाच्या बाहीने नाक पुसलं आणि परत कानाशी लावला.

"नक्को मियाँ," ते म्हणाले. "अगले साल बोलतूं."

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मग अनीसुर हळूच हसला.

ह्या खेपेला फोन त्याने ठेवला नाही. नरहररावांनीही नाही.