शेरेबुकात शांती हजर होती

मित्रांनो, माझा स्वभाव भारी चौकस. शाळेत कोण आलं, कोण गेलं, कुणाला पाढे येतात, कुणाला येत नाहीत, सगळं मला कळायला हवं. तो माझा धंदाच आहे म्हणा ना! मी एका प्राथमिक शाळेचं जुनं शेरेबुक आहे. शाळा तपासायला जो साहेब येतो, तो जे पाहील ते माझ्या पानावर लिहितो आणि खाली सही ठोकतो. शाळा पेणच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला आहे. गावाचं नाव मात्र विचारू नका, आमच्या गुरुजींची लाज राखायची आहे.

माझा जन्म बासष्ट सालचा, पेणमधला. वह्या बांधणाऱ्या मुसाचाचांनी मला बांधलं. वाळवी लागू नये म्हणून त्यांनी खळीत मोरचूद घातला आणि पाठीवर लाल कापड चिकटवलं. "दणकट झालंय. आता लिवणारा दणकट पायजे," असं म्हणत त्यांनी मला शाळेच्या हवाली केलं.

पहिले साहेब बांधावरून चालत आले. वहाणा हातात, पाय चिखलात. सबंध दिवस ते वर्गात बसले आणि मग त्यांनी दोन पानं भरून लिहिलं. 'तिसरीच्या मुलांस हातच्याची वजाबाकी येत नाही. फळा पांढरा पडला आहे, काळा करावा.' बोचलं खरं, पण पंधरवड्यात फळा काळा झाला आणि वजाबाकीही आली. काय फुशारलो होतो मी!

पुढे रस्ता झाला, जीपगाड्या आल्या आणि शेरे आखडले. साहेब खुर्चीत बसायचे, पोहे खायचे, शहाळं प्यायचे. 'शाळा पाहिली. समाधानकारक.' झालं! म्हणून तर मी इतकी वर्षं पुरलो. एरवी माझा मुक्काम कुलपाच्या कपाटात. दसऱ्याला पाटीपूजनाला मला बाहेर काढायचे, हळदकुंकू वाहायचे, फूल ठेवायचे आणि पुन्हा आत. गावानं माझी पूजा केली, पण उघडून कुणी बघितलं नाही.

कपाटात मला एक कोडं पडायचं. जानेवारी सरला की वर्गातला गलका निम्म्यावर यायचा. घरंच्या घरं मीठ ओढायला मिठागरावर जायची आणि पोरं आईबापांबरोबर. पण फेब्रुवारीत साहेब आले की माझ्यावर लिहिलं जायचं, 'पट ४१, हजर ४१.' ही एवढी मुलं येतात तरी कुठून?

उत्तर मिळालं ते बायजामुळे. नवा कायदा आला, पालकांची समिती झाली. निम्म्या बायका हव्यात म्हणून मिठागरावरच्या बायजाचं नाव घातलं. बायजाला अक्षरओळख नाही. तिची शांती चौथीत होती, तरी तिला धडा वाचता येत नव्हता. मिठागरावरच शिकवायला कुणीतरी द्या, असा अर्ज घेऊन बायजा कचेरीत गेली होती. तिथं तिला सांगितलं, "बाई, तुमच्या शाळेत शंभर टक्के हजेरी आहे. तसा शेराच आहे. मग मिठागरावर मुलं कुठली?"

बायजा तडक समितीच्या बैठकीत आली.

"गुरुजी, ता शेरेबुक काढा."

पुंडलिक गुरुजी गडबडले. "बाई, ते साहेबांचं असतं."

"दसऱ्याला हळदकुंकू लावायला आमचं, नि वाचायला सायबांचं व्हय?"

समितीत सकीना होती. नवरा आखातात, त्याची पत्रं तीच वाचायची. तिनं मला मांडीवर घेतलं आणि खणखणीत वाचलं, "चौदा फेब्रुवारी. पट एकेचाळीस, हजर एकेचाळीस."

"त्या दिवशी माझी शांती माझ्यासंगं मीठ ओढीत व्हती गो! मंग वर्गात बसली ती कोन?"

गुरुजींचा चेहरा उतरला. "पलीकडच्या गावच्या शाळेतली. लग्नाला टोपं उसनी आणतो ना, तशी आम्ही एकमेकांना पोरं देतो. हजेरी कमी दिसली तर शाळा बंद करतील, बायजाबाई. झाकली मूठ राहू द्या."

गुरुजींची भीती खोटी नव्हती. शाळा गेली तर पाच मैलांवर दुसरी. बायजा पदर चाळवू लागली. मला वाटलं, गेली बाई मागे.

"शाला उघडी हाय, गुरुजी," ती शेवटी म्हणाली, "पन माझी पोर तिच्यात हाय कुठं? खरं हाय तेवढं लिवा."

गुरुजींनी लिहिलं. 'हजर १९. बावीस मुले मिठागरावर.' खाली समितीच्या सह्या आणि बायजाचा अंगठा.

पुढच्या खेपेला साहेब आले, शहाळं हातात घेतलं आणि माझं पान उघडलं. शहाळं तसंच राहिलं. मला काखेत मारून ते मिठागरावर गेले, भर उन्हात, बांधावरून. तिथं शांतीला जवळ बोलावून त्यांनी तिच्यापुढे धड्याचं पुस्तक धरलं. ती पुस्तकाकडे बघत राहिली आणि मग आईकडे.

साहेब मिठाच्या राशीजवळ बसले आणि त्यांनी लिहिलं, 'गेल्या वर्षीचा शेरा माझा आहे व तो खोटा आहे.' पूर्ण सही केली. साठ वर्षांत असं लिहिणारा मी दुसरा पाहिला नाही, खरंच सांगतो.

शाळा बंद झाली नाही, पण धाकधूक अजून आहे. आठवड्यातून तीन दिवस गुरुजी सायकलनं मिठागरावर जातात आणि मलाही नेतात.

मित्रांनो, तुमच्याही शाळेच्या कपाटात माझं एखादं भावंड असेल. जरा चौकशी करा, 'यात आमच्याबद्दल काय लिहिलंय?' वाचा, घरच्यांना वाचून दाखवा. खोटं असेल तर गप्प बसू नका.

परवाच गुरुजींनी लिहिलंय, 'शांती सावकाश वाचते. जोडाक्षरे अडतात.' ते तिनंच सगळ्यांसमोर वाचलं, आणि 'जोडाक्षरे'पाशी खरंच अडली.